घरगुती फ्लोराइड फिल्टर: काम चोख, पण थकल्याची खबर देत नाही

बोअरवेलच्या पाण्यातील जादा फ्लोराइड काढण्यासाठी मिळणाऱ्या ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाच्या घरगुती फिल्टरचे हे परीक्षण आहे. एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्या डब्यात जाड वाळूएवढ्या पांढऱ्या दाण्यांचा थर, त्या थरावर भोकांची चकती, खालच्या डब्यात साठणारे गाळलेले पाणी आणि त्याला एक तोटी, एवढीच त्याची रचना. त्याला वीज लागत नाही, नळाला दाब असावा लागत नाही आणि पाणी वायाही जात नाही. आमच्या घरी तो बराच काळ रोजच्या वापरात आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गुणदोषांविषयी लिहायचे आहे ते बहुतांशी त्या दाण्यांचे आणि त्यांच्यामागे असणाऱ्या किंवा नसणाऱ्या सेवेचे आहेत. डब्यावर शिक्का कोणाचा आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही.

निवाडा आधीच सांगतो. दाणे ताजे असतात तोवर हा फिल्टर फ्लोराइड खरोखर काढतो. परंतु दाणे फ्लोराइडने भरून गेले की तो काम थांबवतो आणि तसे झाल्याचे कोणतेही लक्षण पाण्यात दिसत नाही. म्हणून नियमित तपासणी आणि दाण्यांचे पुनर्भरण (त्यांवर साठलेले फ्लोराइड सोडवून ते पुन्हा कामाचे करणे) यांची खात्रीची सोय असेल तरच तो घ्यावा. तशी सोय नसेल तर तो न घेतलेला बरा, कारण घरात फिल्टर असल्याचे समाधान माणसाला पाण्याविषयी निष्काळजी करते.

हे इतक्या ठामपणे का म्हणायचे, ते फ्लोराइडचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहिल्याशिवाय नीट समजणार नाही. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही आणि पिण्याच्या पाण्यात ते ज्या प्रमाणात आढळते त्या प्रमाणात चवही नाही. ग्रॅनाइटसारख्या खडकांमधील फ्लोराइडयुक्त खनिजांवरून भूजल दीर्घकाळ वाहत राहिले की ते पाण्यात उतरते. पाणी अल्कधर्मी असेल आणि त्यात कॅल्शियम कमी असेल तर आणखी उतरते. त्यामुळे उथळ विहिरीच्या पाण्यापेक्षा खोल बोअरवेलच्या पाण्यात ते अधिक सापडणे हा सर्वसाधारण अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. भारतीय मानक त्याहून कडक आहे: १ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. आमच्या बोअरवेलचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले तेव्हा ते या दुसऱ्या मर्यादेच्या दुपटीहून वर होते, आणि ते पाणी दिसायला इतके नितळ होते की पाहुण्यांकडून त्याची तारीफच होत असे.

पहिला परिणाम दातांवर होतो, आणि तो फक्त लहानपणीच होतो. कायमच्या दातांवरचे एनॅमल, म्हणजे वरचे कठीण कवच, साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते. त्या काळात पोटात जाणारे जादा फ्लोराइड त्या घडणीत बिघाड करते. दात उगवतात तेच खडूसारखे पांढुरके पट्टे घेऊन, आणि तीव्रता जास्त असेल तर पुढे ते पट्टे पिवळे-तपकिरी होतात, एनॅमलला खड्डे पडतात. हे डाग आडवे असतात आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर साधारण सारखेच असतात, यावरून ते तंबाखूच्या किंवा अस्वच्छतेच्या डागांपासून वेगळे ओळखता येतात. ते घासून जात नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसून दातातच असतात. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने अशा डागांचा पाठपुरावा सुरू केला, आणि पुढे दोष पाण्यात असावा अशी शंका त्याला आली. पण पाण्यात नेमके काय आहे हे कळायला १९३१ साल उजाडले. त्या वर्षी एका ॲल्युमिनियम कंपनीतील एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातील फ्लोराइड शोधून काढले. ज्या घटकाचा पत्ता लागायला तज्ज्ञांना तीन दशके लागली, तो आपल्याला पाणी पिऊन कळेल अशी अपेक्षा कोणी करू नये.

दुसरा परिणाम हाडांवर होतो आणि तो अधिक गंभीर असतो. शरीरात साठून राहणाऱ्या फ्लोराइडपैकी सुमारे ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. जे साठत नाही ते मुख्यतः मूत्रपिंडे बाहेर टाकत राहतात, म्हणून ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत त्यांच्या शरीरात ते अधिक साठते. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांतही मोठ्या माणसांच्या तुलनेत त्याचा अधिक वाटा अडकतो. अनेक वर्षे लिटरला ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराइडचे पाणी पोटात गेले तर हाडांचा फ्लोरोसिस, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे होणारा आजार, दिसू लागतो, आणि १० च्या पुढच्या पाण्याने माणूस अक्षरशः वाकून पांगळा होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे साहित्य सांगते. सुरुवात मात्र अगदी साधी असते. मान, कंबर आणि गुडघे आखडतात, सकाळी उठताना अंग जड वाटते, आणि माणूस ते वयावर किंवा कष्टावर ढकलतो. संधिवात म्हणून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात आणि त्या गोळ्या गिळायला पाणी तेच असते. पुढे स्नायुबंधांत आणि हाडांच्या सांध्यांवर चुना जमावा तशी कॅल्शियमची भर पडत जाते, पाठीचा कणा ताठर होतो आणि मज्जारज्जूवर दाब आला तर हातापायांतील बळ जाते.

या अवस्थेचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी क्षेत्रीय पाहणीत तीन साध्या हालचाली करून पाहिल्या जातात. गुडघे न वाकवता पुढे झुकून पायाची बोटे धरता येतात का, हनुवटी छातीला लागते का, आणि दोन्ही हात बाजूला पसरून कोपरात दुमडून डोक्यामागे नेता येतात का. या हालचाली जमल्या नाहीत म्हणजे फ्लोरोसिसच आहे असे मुळीच नाही, पण जादा फ्लोराइडचे पाणी पिणाऱ्या वस्तीत एकामागून एक माणसांना त्या जमत नसतील तर शंकेला जागा आहे. निदान पक्के करायला डॉक्टर लघवीतील फ्लोराइड तपासतात आणि हाताच्या पुढच्या भागाचा एक्स-रे काढतात, कारण कोपर आणि मनगट यांमधील दोन हाडांना जोडणाऱ्या पडद्यात कॅल्शियम साचलेले त्यात दिसते.

भारतातील या आजाराचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातून आले. पुढे १९७० च्या दशकात दक्षिण भारतातच कुपोषित तरुण मुलांमध्ये गुडघे एकमेकांना लागून पाय बाहेर फाकण्याचा प्रकार फ्लोराइडशी जोडला गेला. आहारात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा घाला अधिक खोल बसतो, हा त्यातून निघालेला धडा पुढे फिल्टर निवडतानाही उपयोगी पडतो. मुलांच्या बुद्धीवरील परिणामांविषयी बरीच उलटसुलट चर्चा आहे. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्राम या सरकारी संशोधन कार्यक्रमाने २०२४ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन असे मत दिले की १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेल्या पाण्याचा आणि मुलांच्या कमी बुद्ध्यंकाचा संबंध मध्यम दर्जाच्या खात्रीने दिसतो. हा संबंध कार्यकारण ठरवणारा शेवटचा शब्द नव्हे, पण ज्या घरात लहान मूल आहे त्या घराने तो कानाआड करू नये.

टूथपेस्टमध्ये फ्लोराइड मुद्दाम घालतात, मग ते पाण्यात असले तर काय बिघडले, हा प्रश्न फिल्टरविषयी बोलताना हमखास विचारला जातो. अल्प प्रमाणातील फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवते हे खरे आहे, आणि काही देशांत नळाच्या पाण्यात लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास ते मिसळलेही जाते. टूथपेस्ट दाताला लावून थुंकायची असते. पाणी दिवसभर पोटात जाते. दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. फार तर एवढे म्हणता येईल की ज्या गावच्या पाण्यातच ते भरपूर आहे तेथील लहान मुलांनी पेस्ट गिळू नये याकडे दुप्पट लक्ष द्यावे.

आता उपकरणाकडे येतो, पण त्याआधी जी उपकरणे या कामाची नाहीत ती बाजूला काढणे आवश्यक आहे, कारण बाजारात सर्वाधिक फसगत तेथेच होते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही; उलट वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. कापडाची गाळणी, कँडलचा फिल्टर, क्लोरीनच्या गोळ्या आणि अतिनील दिवा हे गाळ किंवा जंतू यांच्यासाठी आहेत. विरघळलेल्या फ्लोराइडला त्यांपैकी कशाचाही अडथळा होत नाही. साध्या कोळशाच्या फिल्टरकडूनही या बाबतीत फारशी आशा ठेवू नये. विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो तेव्हा तर विशेष सावध राहावे. ते मीटर पाण्यातील सर्व क्षारांचा मिळून अंदाज देते. लिटरला काही शे मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात तीन-चार मिलिग्रॅम फ्लोराइड आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळणे अशक्य आहे. दुसरा एक प्रयोग पाण्यात दोन सळ्या सोडून वीज देण्याचा असतो. पाणी काही क्षणांत तपकिरी, गढूळ होते आणि घरातील मंडळी हबकून जातात. तो रंग सळीतल्या लोखंडाचा असतो. पाण्यातील फ्लोराइडचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या दारात हा प्रयोग करून दाखवणाऱ्याला मी फ्लोराइडचा प्रयोगशाळेतील अहवाल मागितला, तेव्हा त्याने सळ्या पुसून पिशवीत ठेवल्या.

ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना म्हणजे विशेष प्रकारे तापवून सच्छिद्र केलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्याच्या दाण्यांच्या पृष्ठभागावर फ्लोराइड चिकटते आणि पाणी पुढे जाते. ही क्रिया किंचित आम्ल पाण्यात, म्हणजे सामू (पीएच) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असताना, सर्वांत चांगली होते. अडचण अशी की जेथे फ्लोराइड जास्त असते तेथील भूजल बहुधा अल्कधर्मी असते आणि त्यातील बायकार्बोनेट त्याच जागांसाठी फ्लोराइडशी स्पर्धा करतात. म्हणून माहितीपत्रकात दिलेली क्षमता आणि घरात मिळणारी क्षमता यांत मोठी तफावत पडते. माहितीपत्रकातला आकडा बहुधा आदर्श पाण्यावरचा असतो. आपले पाणी आदर्श असते तर फिल्टरच लागला नसता.

ही तफावत किती असू शकते ते हिशेब मांडून पाहावे. समजा डब्यात ३ किलो दाणे आहेत आणि आपल्या पाण्यात एक किलो दाणे दीड ग्रॅम फ्लोराइड धरतात. म्हणजे एकूण साडेचार ग्रॅम, अर्थात ४,५०० मिलिग्रॅमची जागा आहे. पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि ते १ वर आणायचे असेल तर प्रत्येक लिटरमागे ३ मिलिग्रॅम जागा खर्च होते. म्हणजे १,५०० लिटर पाणी गाळून झाले की दाणे भरले. पिणे आणि स्वयंपाक मिळून कुटुंबाला रोज २० लिटर लागत असतील तर हे ७५ दिवसांचे काम आहे. पाण्यात ८ मिलिग्रॅम असेल तर तेच दाणे जेमतेम महिनाभर पुरतात. आमच्या फिल्टरच्या माहितीपत्रकात मात्र सरसकट ‘सहा महिने’ असे छापलेले आहे. पाण्यात फ्लोराइड किती, सामू किती, रोज किती लिटर, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नाही. पाणी न विचारता मुदत सांगणारा विक्रेता आणि नाडी न पाहता औषध देणारा वैद्य यांच्यावर सारखाच विश्वास ठेवावा.

वापराचा अनुभव सांगायचा तर सुरुवातीचे काही डबे पाणी दुधाळ येते. ती दाण्यांची भुकटी असते. ते पाणी पिऊ नये, टाकून द्यावे, आणि माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले आहे ही उत्पादकाच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे. त्यानंतर पाणी स्वच्छ येते, चवीत फरक पडत नाही. जड पाणी जडच राहते, कारण हे दाणे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम काढत नाहीत, आणि हा या पद्धतीचा गुण आहे, दोष नव्हे. नायट्रेट असेल तर तेही तसेच राहते. वेग संथ आहे. घाईच्या वेळी तोटीखाली भांडे धरून उभे राहण्याची वेळ येते, म्हणून रात्रीच वरचा डबा भरून ठेवणे सोयीचे पडते. वेग अचानक वाढला तर मात्र आनंद मानू नये. वरून पाणी जोरात ओतले आणि भोकांची चकती सरकली की दाण्यांच्या थरात डब्याच्या कडेने वाट पडते आणि पाणी दाण्यांना फारसा स्पर्श न करता सरळ खाली उतरते. चकती उचलून पाहिली तर कडेला बोटभर खाच दिसते. थर हलक्या हाताने सारखा करून चकती पुन्हा घट्ट बसवावी लागते. या चकतीला पकड नसणे हा आमच्या डब्याच्या रचनेतला ठळक दोष आहे. दोन खाचा पाडून तो सहज टाळता आला असता.

तपासणीसाठी फिल्टरसोबत एक लहान किट मिळते आणि त्याचा स्वतंत्र विचार करायला हवा, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, बाटलीतील द्रावण मोजून घालायचे, हलवायचे, थोडे थांबायचे आणि आलेला रंग पुठ्ठ्यावरच्या रंगपट्टीशी जुळवायचा. फ्लोराइड नसेल तर रंग गुलाबी राहतो आणि जसजसे प्रमाण वाढते तसतसा तो पिवळ्याकडे झुकतो. टोकाचे रंग ओळखायला अडचण नाही. खरी पंचाईत मध्ये आहे: १ आणि १.५ यांच्या रंगांत इतका थोडा फरक आहे की दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात दोन माणसे दोन उत्तरे देतात. दिवसाउजेडी, सावलीत, नळीमागे पांढरा कागद धरून पाहिले तर बरेच जमते. द्रावणाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते आणि उन्हात ठेवलेली बाटली मुदतीआधीच बिघडते, हेही लक्षात ठेवावे.

किटची दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे आणि ती विक्रेते सांगत नाहीत. ॲल्युमिनियम हे फ्लोराइडला घट्ट धरून ठेवते. पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम उतरले असेल, तर रंगाच्या चाचणीतील द्रावणाला ते फ्लोराइड पूर्णपणे सापडत नाही आणि चाचणी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. म्हणजे ॲल्युमिनाच्याच फिल्टरचे पाणी तपासताना चूक नेमकी आपल्याला दिलासा देणाऱ्या दिशेने होऊ शकते. प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडने मोजताना पाण्यात आधी एक विशिष्ट द्रावण घालतात, त्याने ही पकड सुटते आणि एकूण फ्लोराइड मोजले जाते. म्हणून घरच्या किटकडे पहारेकरी म्हणून पाहावे, न्यायाधीश म्हणून नाही. ठरावीक काळाने नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि त्याच वेळी पाण्यातील ॲल्युमिनियमही मोजून घ्यावे. भारतीय मानकानुसार ते लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि फार तर ०.२ पर्यंत चालते. नमुना काचेच्या बाटलीऐवजी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नेण्याची पद्धत आहे. आमच्या ताज्या दाण्यांच्या पाण्याचा अहवाल फ्लोराइडच्या बाबतीत १ मिलिग्रॅमच्या आत आला, हे या फिल्टरच्या श्रेयात निःसंकोच मांडावे.

यापुढचा भाग सेवेचा आहे आणि गुण तेथेच कापले जातात. भरलेले दाणे फेकून द्यावे लागत नाहीत; कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून त्यांवरचे फ्लोराइड सोडवता येते, मग सौम्य आम्लाने उरलेला अल्कपणा मारून भरपूर पाण्याने धुतले की ते पुन्हा कामाला येतात. दर खेपेला क्षमता थोडी घटते आणि काही खेपांनंतर दाणे बदलावेच लागतात. हे काम घरी करण्याचे नाही. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो, आणि आम्लाचा हिशेब चुकला तर दाण्यांतलेच ॲल्युमिनियम पिण्याच्या पाण्यात उतरते. विक्रीच्या वेळी आम्हाला सांगण्यात आले होते की माणूस दारी येईल, भरलेले दाणे नेईल आणि ताजे देईल. प्रत्यक्षात किटचा रंग पिवळा पडू लागल्यावर केलेल्या फोनला ‘अजून सहा महिने झाले नाहीत’ हे उत्तर मिळाले. आकडा दिनदर्शिकेतला आहे, पाण्यातला नाही, हे समजावून सांगण्यात आणखी काळ गेला आणि त्या काळात घरात पिण्याचे पाणी दुसरीकडून आणावे लागले. शेवटी आलेल्या कर्मचाऱ्याने काम नीट केले, याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्याकडे काम झाल्यावर पाणी तपासण्याची कोणतीही सोय नव्हती. पुनर्भरण झाले याचा पुरावा म्हणून त्याने पावतीवर सही मागितली. सही ग्राहकाची आणि आकडा कोणाचाच नाही, ही पद्धत औषधाच्या दुकानात कोणी खपवून घेतली नसती.

इतर पर्यायांशी तुलना केली तर चित्र असे दिसते. आरओ यंत्र फ्लोराइड बहुतांशी काढते आणि झिल्ली चांगली असेल तर निकाल या फिल्टरपेक्षा अधिक स्थिर असतो. मात्र त्याला वीज आणि दाब लागतो, बरेचसे पाणी वाया जाते, आणि ते वाया जाणारे पाणी फ्लोराइडने अधिकच दाट झालेले असते. शिवाय फ्लोराइडबरोबर कॅल्शियमही निघून जाते. ज्या घरातील आहारात कॅल्शियम आधीच तोकडे आहे तेथे हा तोटा नगण्य मानता येत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांवर चालते. साहित्य कोठेही मिळते आणि गावपातळीवर ती वापरली गेली आहे, पण तुरटी लिटरला काही शे मिलिग्रॅम इतकी लागते, मात्रा पाण्यानुसार ठरवावी लागते, गाळ उरतो आणि पाण्यात ॲल्युमिनियम व सल्फेट वाढण्याचा धोका असतो. घरात तुरटीचा खडा फिरवणे म्हणजे नलगोंडा पद्धत नव्हे. पूर्व आफ्रिकेत जनावरांच्या हाडांचा कोळसा करून वापरतात आणि तो काम करतो, परंतु हाडांतून आलेले पाणी अनेक घरांत कोणी तोंडालाही लावणार नाही. या सर्वांहून चांगला उपाय म्हणजे कमी फ्लोराइडचा दुसरा स्रोत: नदी-तलावाचे शुद्ध केलेले पाणी, साठवलेले पावसाचे पाणी, किंवा तपासून पाहिलेली उथळ विहीर. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी लागणारे पाणी थोडेच असते, त्यामुळे तेवढ्यापुरता वेगळा स्रोत शोधणे वाटते तितके अवघड नसते. आंघोळ, भांडी, कपडे यांसाठी बोअरवेलचे पाणी खुशाल वापरावे. कातडीतून फ्लोराइड शरीरात जाण्याची चिंता नाही. फिल्टरही तेवढ्याच पाण्यासाठी राखावा, पण त्यात स्वयंपाक धरावाच, कारण शिजणाऱ्या अन्नात मुरलेले पाणीही पोटातच जाते.

माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर ‘सांधेदुखीपासून मुक्ती’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि त्याबद्दल मी एक गुण पूर्ण कापतो. फिल्टर पुढची भर थांबवतो, मागचे साठलेले काढत नाही. हाडांतले फ्लोराइड हाडांची झीज-भर होत राहते तसे वर्षानुवर्षे हळूहळू सुटते, म्हणून पाणी बदलल्यावरही लघवीतील प्रमाण दीर्घकाळ वर राहू शकते, आणि ताठ झालेला कणा पाण्याने मोकळा होत नाही. ज्या मुलांचे डागाळलेले दात उगवून झाले आहेत त्यांचे डागही तसेच राहतात. त्यांवर दंतवैद्य वरून काही उपचार करू शकतात, फिल्टर नाही. सर्वाधिक लाभ त्याला होतो ज्याचे दात अजून हिरडीत घडत आहेत. वरच्या दुधाची पावडर बोअरवेलच्या पाण्यात कालवली तर तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने फ्लोराइडची मात्रा फार मोठी होते. आईच्या दुधात ते अत्यल्प असते. म्हणून घरात गाळलेले पाणी मर्यादित असेल तर ते आधी बाळाला, आठ वर्षांखालील मुलांना आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना द्यावे आणि मग बाकीच्यांनी प्यावे.

आणखी एक सूचना या फिल्टरच्या वापराबाबत. दाणे जंतू मारत नाहीत, आणि ओला थर दिवसचे दिवस तसाच पडून राहिला तर त्यात जंतू वाढू शकतात. परगावी जाऊन आल्यावर पहिले पाणी टाकून द्यावे. पाण्याच्या स्वच्छतेची शंका असेल तर गाळलेले पाणी नंतर उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे. पाण्यात लोह किंवा गढूळपणा असेल तर तो आधी काढावा, नाहीतर दाण्यांवर तांबूस थर बसतो आणि त्यांची फ्लोराइड धरण्याची जागाच झाकली जाते.

पाच गुणांपैकी उपकरणाला चार आणि सेवेला एक. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: आपल्या पाण्याच्या अहवालावरून काढलेली लिटरमधील क्षमता, पुनर्भरणानंतर फ्लोराइड व ॲल्युमिनियम मोजून देण्याची हमी, आणि पुनर्भरणात दाणे धुतल्याचे पाणी कोठे टाकले जाते याचे उत्तर. तिसरी गोष्ट आम्ही विचारली तेव्हा समाधानकारक उत्तर आले नाही. दाण्यांवरून सोडवलेले सगळे फ्लोराइड त्या थोड्याशा पाण्यात एकवटलेले असते. ते विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतले तर घरात काढलेले फ्लोराइड गावात परत येते, आणि गुरांनाही फ्लोरोसिस होतो. हे उत्तर लेखी मिळेपर्यंत शेजाऱ्यांना हा फिल्टर घ्या असे मी सांगणार नाही.